बघायचे मासे

शेषशायी सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये चारुदत्त पोंक्षे यांनी दत्तजयंतीचं कीर्तन ठरवलं आणि त्याच आठवड्यात तिथे मासे आले. हॉलमध्ये दोघांपैकी एकाचीच सोय होती. मासे प्रत्यक्ष आले होते, कीर्तन यायचं होतं, एवढाच काय तो फरक. पण आधी येऊन बसलेल्याला सोसायटीत काय मान असतो, हे पार्किंगच्या बाबतीत आपण सगळ्यांनीच भोगलेलं आहे.

कीर्तन साधंसुधं नव्हतं. पेणचे गुरुदत्तबुवा येणार होते. पोंक्ष्यांनी उभ्या आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून केल्या: वेळेवर कचेरीत जाणं आणि वेळेआधी बुवांच्या कीर्तनाला जाऊन पुढची जागा धरणं. बुवा उभे राहिले, झांज वाजली, नमन सुरू झालं की पोंक्ष्यांच्या पाठीच्या कण्यातून काहीतरी सरसरत वर जायचं. डॉक्टर त्याला मणक्याचा त्रास म्हणत. पोंक्षे त्याला भक्ती म्हणत. औषध दोघांकडेही नव्हतं.

पण बुवा आता थकले होते. वरच्या सुरात आवाज चिरायचा. डोळ्यांना उजेड कुठे आणि सावली कुठे, इतकंच कळायचं. गेली काही वर्षं त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं. पोंक्ष्यांनी फोन केला तेव्हा बुवांनी आधी तारीख विचारून घेतली. मग बुवा म्हणाले, "माणसं येतील का रे, चारुदत्ता? भिंतींपुढे उभं राहायचं बळ आता नाही. हे शेवटचंच समज."

"बुवा, हॉल भरेल," पोंक्षे म्हणाले. शब्द देऊन मोकळे झाले. शब्द देताना माणसाला हॉल दिसतो, हॉलमधली व्यवस्थापकीय समिती दिसत नाही.

आता मासे कुठून आले ते सांगायला हवं. सोसायटीचे चेअरमन इंद्रजीतशेठ भोईर. विचुंब्याच्या ज्या जमिनीवर आमची शेषशायी उभी आहे, ती मुळात शेठच्या वडिलांची भातशेती. त्यामुळे इमारतीतले सगळे त्यांच्याशी जरा जपूनच बोलतात, न जाणो उद्या चिडून पुन्हा भात लावायचे. तर थोरल्या मुलाच्या लग्नाची आठवण म्हणून शेठनी सोसायटीला मत्स्यालय भेट दिलं. काचेची पेटी केवढी, तर एखादी व्हॅन आडवी उभी करावी तेवढी. ती गेटमधून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून हॉलची लॉबीकडची भिंत पाडून तिथेही काच बसवली, सरकत्या दारासकट. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि पुढच्याच शनिवारी कोणाच्या तरी वाढदिवसाला डीजे लागला आणि दोन मासे उलटे तरंगले. समितीने तातडीची सभा घेऊन हॉलमधले सर्व कार्यक्रम बंद केले.

पोंक्षे शेठकडे गेले.

"शेठ, दत्तजयंतीचा हॉल मी मागेच मागितला होता."

"हॉल हाय ना. कुटं गेलाय? पन माशे पन हायेत. त्यांना सांबालनारा मानूस पायजे."

"मग नेमा की कोणीतरी."

"तुमीच," शेठ म्हणाले. "आक्क्या बिल्डिंगीत मासं न खानारे तुमीच दोगं. खानाऱ्याच्या हातात देऊन कसं चालंल? आमच्यातला मानूस काचेसमोर उबा राहिला तरी त्याला रस्सा दिसतो. दत्तजयंतीपर्यंत माशे जिवंत ठेवा, हॉल तुमचा. शब्द हाय."

या युक्तिवादात काहीतरी चुकतंय असं पोंक्ष्यांना जिना चढताना वाटत राहिलं, पण काय ते घर येईपर्यंत सापडलं नाही. ज्याने मासा कधी ताटात पाहिला नाही त्याच्या हवाली पेटीतले मासे करणं, हे दिसायला धर्माला धरून होतं. पोंक्ष्यांचा माशांशी संबंध दशावतारातल्या पहिल्या अवतारापुरता. त्या माशाने मनूची नाव ओढली होती. त्याचं पाणी कधी कोणाला बदलावं लागलं नव्हतं.

नेमकी याच दिवसांत पोंक्ष्यांची भाची कादंबरी राहायला आली. ती परदेशात मानववंशशास्त्र शिकते. तिचा प्रबंधाचा विषय ऐकून शोभावहिनींनी, म्हणजे पोंक्ष्यांच्या पत्नीने, दोनदा विचारून घेतलं. प्राणिसंग्रहालयं आणि मत्स्यालयं.

"म्हणजे प्राण्यांचा अभ्यास?"

"नाही मामी. त्यांना बघायला येणाऱ्या माणसांचा. मी असं धरून चालते की मी फार लांबून आलेय आणि ही जमात मला काही माहीतच नाही. ती काय करते, का करते, सगळं नव्याने बघायचं. आणि तोंड बंद ठेवायचं."

"अगं, म्हणजे नव्या सुनेसारखंच की," शोभावहिनी म्हणाल्या. त्यांना शास्त्र तिथल्या तिथे समजलं.

पोंक्ष्यांना मात्र ते झेपायला वेळ लागला. कारण कादंबरीने पहिल्याच संध्याकाळी लॉबीत तासभर उभं राहून आपली निरीक्षणं चहाबरोबर मांडली. "मामा, तुमच्या या जमातीत काचेसमोर आलं की पहिला प्रश्न 'कितीला मिळाला' हा असतो. दुसरा 'खातात का हा'. तिसरा कोणी विचारत नाही, कारण तोवर आतल्या माशाकडे पाठ करून फोटो काढायचा असतो. मी फिरले ना इतकी प्राणिसंग्रहालयं, सगळीकडे हेच. तिकीट काढून येतात आणि झोपलेल्या वाघावर चिडतात. कोणाच्या घरी दुपारी दोनला न सांगता जायचं आणि तो झोपलाय म्हणून परतताना त्याला नावं ठेवायची, तसं."

"लोक कौतुकाने बघतात गं," पोंक्षे म्हणाले.

"बघतात. पण भेटत नाहीत. देवळातही तेच. रांग लावायची, पुढे चला, पुढे चला, बघितलं, झालं. पिंजऱ्यापुढचा तो 'पुढे चला' म्हणणारा आणि गाभाऱ्यापुढचा 'पुढे चला' म्हणणारा, मला वाटतं एकाच शाळेत शिकलेले असतात."

पोंक्ष्यांनी कप खाली ठेवला. देवळाचं नाव निघालं की त्यांना मस्करी सोसत नाही. "दर्शन वेगळं. तिथे देवही आपल्याला बघतो," ते म्हणाले आणि मासे बघायला खाली गेले.

मासे त्यांना बघत होते. सोनेरी, केशरी, पट्ट्यापट्ट्यांचे, एक लांब चंदेरी, ज्याला अरोवाना म्हणतात आणि जो भाग्य घेऊन येतो असा समज आहे, आणि तळाशी काचेला तोंड चिकटवून बसलेला एक काळा कुरूप, ज्याला सकर म्हणतात आणि ज्याच्याबद्दल कोणाचाच काही समज नाही. पोंक्ष्यांनी सवयीने हात जोडले. बाहेरून कादंबरीने ते पाहिलं असावं, कारण ती हसली नाही, नुसती मान तिरकी करून उभी राहिली. असं कोणी बघितलं की माणसाला आपल्या हातांचं काय करावं कळत नाही.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. एकाकी मासा खंगतो, पेटीत आरसा ठेवा, असं दुसऱ्या मजल्याचं म्हणणं. आरशाने मासा गर्विष्ठ होतो, असं तिसऱ्याचं. चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी होकायंत्र आणून सिद्ध केलं की पेटी आग्नेयेला आहे, आणि अग्नीच्या कोपऱ्यात पाणी ठेवल्यावर दुसरं काय होणार. पेटी ईशान्येला हलवायला सहा माणसं लागली आणि अर्धं पाणी लॉबीत गेलं. ईशान्येला पेटी शोभून दिसली. प्लग मात्र आग्नेयेलाच राहिला. वास्तुपुरुष आणि वायरमन यांचं आजवर कुठल्याच घरात पटलेलं नाही. शेवटी हॉलभर वायर ओढून पाण्यात हवा सोडणारा पंप चालू केला. त्या वायरीला अडखळून पोंक्षेच दोनदा पडले, आणि दोन्ही वेळा लॉबीत बघायला माणसं होती.

यातून सोडवायला धावून आले हाफिजभाई. पनवेलच्या जुन्या बाजारातले, आता आमच्याच पाचव्या मजल्यावर राहणारे, आखातात नोकरी करून परतलेले. मन मोठं, आवाजही मोठा. "पोंक्षेसाहेब, कशाला टेन्शन घेता? आपण दुबईला बारा वर्षं अॅक्वेरियममध्ये काढली. एवढाले शार्क डोक्यावरून जायचे."

पोंक्ष्यांचा जीव भांड्यात पडला. "मग काय करू सांगा."

"मीठ. यांना मीठ कमी पडतंय. समंदरची चीज आहे, मिठाशिवाय कशी जगणार?"

"पण हे समुद्रातलेच आहेत ना?"

हाफिजभाईंनी त्यांच्याकडे फार प्रेमाने पाहिलं. "साहेब, मासे अजून कुठून येतात?"

ज्या माणसाला मासा कसा शिजवतात माहीत नाही, त्याने या प्रश्नावर काय बोलावं? खडेमिठाची पिशवी आली. हाफिजभाईंनी बिस्मिल्ला म्हटलं, पोंक्ष्यांनी श्रीगुरुदेव दत्त म्हटलं, आणि दोघांनी मिळून ती पेटीत ओतली. इतक्या शुभेच्छा घेऊन कोणतंच मीठ आजवर पाण्यात पडलं नसेल. तिसऱ्या दिवशी सोनेरी आणि केशरी मासे संपले.

हाफिजभाईंच्या पत्नी साबिराभाबी खाली आल्या, त्यांनी पेटीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "यांना विचारलंत तुम्ही? अहो, यांचं ज्यूसचं काउंटर होतं. अॅक्वेरियमच्या समोर."

"समोर म्हणजे समोरच ना," हाफिजभाई जराही न डगमगता म्हणाले. "बारा वर्षं रोज बघितलंय. न बघता बोलतोय का मी?"

कादंबरीचा चेहरा उजळला. "मामा, हे माझ्या प्रबंधातलं अख्खं प्रकरण आहे. बघितलं की कळलं, असं सगळ्या जमातीला वाटतं."

पोंक्ष्यांना प्रबंधात यायचं नव्हतं. त्यांना कीर्तन हवं होतं.

खारं पाणी उपसायला हवं होतं आणि त्या आठवड्यात सोसायटीला टँकर होता. पाणी भरून निवळेपर्यंत उरलेले मासे कुठे ठेवायचे, या प्रश्नावर सगळ्या सभासदांना एकदम आपापल्या घरची कामं आठवली. मासे पोंक्ष्यांच्या न्हाणीघरात आले. पट्ट्यांचे बादलीत, सकर टमरेलात आणि अरोवाना मोठ्या निळ्या पिंपात. पुढचे काही दिवस पोंक्षे पंचा गुंडाळून अंघोळ करत होते. घरच्या न्हाणीघरात, कडी लावून, पंचा गुंडाळून.

"कसं वाटतं, मामा?" कादंबरीने विचारलं.

"कसं वाटणार? तो पापणीच मिटत नाही. मी साबण लावतो तेव्हा तर जवळ येतो."

"म्हणजे तुम्ही काही वेगळं केलं की तोही जवळ येतो, बघ्यांसारखा."

"अगं, बाई, साबण लावण्यात वेगळं काय असतं?"

दुसऱ्या पक्षाची साक्ष मिळाल्यासारखी मान हलवून तिने पोहे पुढे ओढले. पोंक्षे त्या दिवशी संध्येला बसले तेव्हाही त्यांना पाठीवर कोणाची तरी नजर जाणवत होती. पळीत पाणी घेऊन त्यांनी आधी मागे वळून पाहिलं.

या काळात शोभावहिनींच्या मनात एक पवित्र विचार आला आणि तिथून खऱ्या अर्थाने आमच्या आख्यानाला उतार लागला. वहिनींचा रामनामाचा संकल्प होता. कागदावर रामनाम लिहायचं, त्याच्या बारीक पट्ट्या कापायच्या, कणकेच्या गोळीत भरायच्या आणि त्या गोळ्या माशांना घालायच्या, ही आपल्याकडची जुनी रीत. आजवर त्या गोळ्यांचा डबा घेऊन त्या तळ्यावर जात. आता मासे घरी चालून आले होते. पुण्य लिफ्टने खाली उतरून करता येत होतं.

"अहो, मिठाचं पाप झालं ना आपल्या हातून? यांच्या पोटात नाम गेलं की सगळं धुऊन निघेल," त्या म्हणाल्या. पोंक्ष्यांचे डोळे भरून आले. ज्यांचे डोळे अशा वेळी भरून येत नाहीत ती माणसं जास्त टिकतात, त्यांचे मासेही.

मासे पुन्हा पेटीत गेले आणि गोळ्या सुरू झाल्या. शोभावहिनी करतात हे कळल्यावर बाकीच्या बायका मागे कशा राहतील? बी विंगमधून डबे आले. एकीने तर हरिपाठाच्या वेळी सगळ्यांनी मिळून गोळ्या वळायचा कार्यक्रम ठरवला आणि त्याला नाव दिलं मत्स्यसेवा. चार दिवसांत पेटीतलं पाणी ताकासारखं झालं, सहाव्या दिवशी पिठल्यासारखं. त्यात कागदाच्या पट्ट्या हळूहळू फिरत होत्या. नाम दिसत होतं, मासे दिसत नव्हते.

साबिराभाबी दुपारी हळूच म्हणाल्या, "शोभाभाबी, दुआ एकदम बरोबर आहे. कणिक जास्त झाली."

पट्ट्यापट्ट्यांचे सगळे गेले. वहिनी दोन दिवस जेवल्या नाहीत. पोंक्ष्यांनी त्यांना समजावलं, अंतकाळी मुखात नाम असणं सोपं आहे का, मोठमोठ्या योग्यांना साधत नाही. वहिनी म्हणाल्या, मुखात नाम होतं, पण नाकातोंडात कणिक होती हो.

तेवढ्यात होकायंत्रवाल्या गृहस्थांनी लेखी विचारणा केली, की सोसायटीने हे जलचर पाळायची परवानगी काढली आहे काय, आणि नसल्यास मयत झालेल्यांची जबाबदारी कोणाची. पोंक्षे परवानगी काढायला पनवेलला गेले. कुठलं ऑफिस ते सांगत नाही, कारण ऑफिसांचा दोष नाही, दोष पोंक्ष्यांच्या प्रश्नाचा होता. एसटी स्टँडपासून उन्हात चालत जाऊन ते खिडकीपुढे उभे राहिले.

"मासे?" आतले गृहस्थ म्हणाले. "खायचे का बघायचे?"

"बघायचे."

"मग आमच्याकडे नाही. खायचे असते तर लगेच केलं असतं."

"बघायच्यांचं कुठे होतं?"

"बघायचे म्हणजे धंदा आहे का? तिकीट लावलंय?"

"नाही हो. नुसते बघायचे."

गृहस्थांनी चष्मा काढला. "नुसतं बघायचं असेल तर त्याला परवानगी कशाला पाहिजे? आणि मग पाळता कशाला?"

एवढा खोल प्रश्न पोंक्ष्यांना कीर्तनात सुद्धा कोणी विचारला नव्हता. परत येताना रिक्षात ते त्याच्यावर विचार करत बसले आणि विचुंब्याचा फाटा मागे राहिला.

आता दत्तजयंती तोंडावर आली होती. पेटीत अरोवाना आणि सकर, दोघेच. पोंक्ष्यांनी सल्ले, सेवा, शास्त्र, सगळं बंद केलं. पाणी निवळलं. हॉलच्या काचेच्या दाराला त्यांनी बाहेरून कुलूप घातलं आणि संध्याकाळी स्वतः लॉबीत खुर्ची टाकून बसू लागले. आत कोणी जायचं नाही, जे बघायचं ते बाहेरून. आवाज नको. काच वाजवायची नाही. "आत गेलं की ते घाबरतात," ते प्रत्येकाला सांगत, न रागावता, पन्नासदा. लोकांनाही ते आवडलं. सहा वाजले की मुलांना घेऊन मंडळी खाली येत, काचेबाहेर नीट ओळीत उभी राहत, लहानग्यांना उचलून दाखवत आणि दबक्या आवाजात बोलत. गणपतीच्या आरतीला जी शिस्त सोसायटीला कधी जमली नव्हती ती दोन माशांपुढे जमली. पोंक्ष्यांचं आयुष्यात पहिल्यांदाच लोक ऐकत होते. खोटं कशाला सांगू, त्यांना बरं वाटायचं.

दत्तजयंतीच्या आदल्या सकाळी त्यांनी हॉल उघडला तर अरोवाना फरशीवर. खाऊ घातल्यावर झाकण लावायचं राहिलं होतं. असले मासे उडी मारतात हे त्यांना कोणीही सांगितलं नव्हतं, इतक्या सल्ल्यांमध्ये तेवढंच सुटलं होतं. इंद्रजीतशेठना बोलवावं लागलं. पोंक्षे भिंतीला टेकून उभे राहिले. बुवांना फोन करून नका येऊ म्हणायचं, हे वाक्य त्यांनी मनात जुळवून पाहिलं; ते कुठल्याच बाजूने जुळेना.

शेठनी चंदेरी देह हातात तोलला. "वजन चांगला होता," ते म्हणाले. मग पेटीकडे वाकून बघितलं. तळाशी सकर काचेला तोंड लावून होता. "यो हाय ना जिवंत?"

"आहे."

"मग झालं. शब्द तो शब्द. घ्या हॉल."

पोंक्ष्यांनी त्यांचे हात धरले. अरोवानासकट.

दत्तजयंतीला दुपारपासून तयारी. शंभर खुर्च्या आल्या. दाराला तोरण लागलं, बुवांसाठी गालिचा, पाळणा, हार, बुक्का. शोभावहिनींनी सुंठवडा केला. कीर्तनाला एक जागा मारुतीसाठी मोकळी ठेवायची असते, म्हणून पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर त्यांनी नवं वस्त्र घातलं. बुवांना आणायला पोंक्षे गाडी घेऊन पेणला गेले. बुवा धोतर, उपरणं, पगडी, सगळं चढवून सकाळपासून ओट्यावर बसून होते. गाडीत त्यांनी एकदाच विचारलं, "माणसं?"

"येतील, बुवा."

पाच वाजता रोडपालीचे पेटीवाले हार्मोनियम घेऊन आले. सहाला बुवा उभे राहिले. पोंक्षे झांज घेऊन त्यांच्या मागे. समोर शोभावहिनी, कादंबरी, डोक्यावरून ओढणी घेतलेल्या साबिराभाबी, आणि शेवटच्या रांगेत हाफिजभाई, जे पहिल्या नमनालाच फोन आल्यामुळे बाहेर गेले. बाकीच्या खुर्च्या मोकळ्या. मारुतीने वानरसेना आणली असती तरी सगळ्यांची सोय झाली असती.

माणसं आली नव्हती असं नाही. सहा वाजले तशी ती रोजच्यासारखी खाली उतरली होती आणि काचेबाहेर उभी होती. रोजच्यापेक्षा जास्त. दुसऱ्या विंगमधले आले, शेजारच्या सोसायटीतले आले. बापांनी पोरांना खांद्यावर घेतलं. पुढच्यांनी मागच्यांना वाट करून दिली. कोणी गोंगाट करत नव्हतं, काच वाजवत नव्हतं. आतून त्यांचे ओठ हलताना दिसत आणि बोटं दिसत. एक बोट पगडीकडे, एक उपरण्याकडे, एक झांजेकडे.

पूर्वरंग संपला, बुवांच्या गळ्यात हार पडला, बुक्का लागला, पेटीवाले सूर जुळवू लागले. तेवढ्या वेळात पोंक्षे सरकतं दार उघडून बाहेर आले. अंगात सदरा घामाने चिकटला होता.

"या ना आत. बसायला खुर्च्या आहेत. या."

"नको काका, इथूनच छान दिसतंय."

"दिसतंय, पण ऐकू कुठे येतंय? या हो आत."

"तुम्हीच सांगितलंत ना," एक जण समजूत घातल्यासारखं म्हणाला, "आत गेलं की घाबरतात."

"अहो, ते मासे. हे बुवा आहेत."

"हो, पण म्हातारे आहेत ना. कशाला डिस्टर्ब."

इंद्रजीतशेठ मुलीकडच्या नातवाला कडेवर घेऊन पुढे उभे होते. "लय भारी दिसतंय, पोंक्षे. जरा लायटिंग पायजे होती." नातवाने विचारलं, हे आजोबा उद्या पण इथेच असणार का. कोणीतरी म्हणालं, विचार त्या काकांना, ते सांभाळतात.

पोंक्षे आत आले. दार लावून घेतलं, कारण हवा सुटली होती आणि समईला आडोसा हवा होता. कादंबरी त्यांच्याकडे बघत होती. मग ती उठली, साबिराभाबींना हाताला धरून पहिल्या रांगेत घेऊन आली आणि मामीशेजारी बसून टाळ्यांचा ठेका धरू लागली. तिला तो नीट जमत नव्हता.

बुवा उत्तररंगाला उभे राहताना क्षणभर थांबले. त्यांचं तोंड काचेकडे होतं. तिथे लॉबीतल्या दिव्यांचा उजेड होता आणि त्यात सावल्यांची दाटी.

"चारुदत्ता," ते हळू आवाजात म्हणाले, "दाराबाहेरही उभी आहेत रे माणसं. केवढी. आत जागा नाही का राहिली?"

पोंक्ष्यांनी खुर्च्यांच्या रांगांकडे पाहिलं. पहिलीपासून शेवटपर्यंत. मग बुवांच्या कानाशी वाकले.

"नाही, बुवा. आत जागाच नाही."

बुवांनी उपरणं सारखं केलं आणि सूर लावला. तो लागला. वरच्या पट्टीत, कुठेही न चिरता, पोंक्ष्यांनी वर्षानुवर्षं पुढची जागा धरून ऐकला होता तसा. दत्तजन्माचं आख्यान असं उभं राहिलं की पेटीवाल्यांचा हात क्षणभर थांबला. शोभावहिनींनी पदर तोंडाला लावला. पोंक्ष्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ते कशाचं आहे हे त्यांना त्या घडीला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

बाहेर एका बाईने मुलीला आणखी वर उचललं. तिचं बोट बुवांवरून सरकत पोंक्ष्यांवर येऊन थांबलं. काचेतून आवाज येत नव्हता, पण ओठ स्पष्ट दिसत होते. तो बघ, तो रडतोपण.

पोंक्ष्यांनी डोळे पुसले नाहीत. पदाचं धृपद आलं होतं, आणि बुवांच्या मागे उभं राहून ते उचलायला दुसरं कोणी नव्हतं.